एकाच डोळ्याची झाडं

पहाटे तीनला कपाळाला दिवा बांधून
बागेत शिरले तर पायाखाली चुरचुर वाजलं.
ऑगस्टात वाजतं ते. कोरड्यात झाडं आपणहून उघडी होतात,
महिन्याभरात तांबूस पालवी नेसतात.
पण हा डिसेंबर. मुसी नदी घाटाच्या फळ्यांपर्यंत चढलेली,
आणि पानं पडतायत.

एक उचललं. अर्धं पिवळं, अर्धं अजून हिरवं,
मधोमध तपकिरी डाग, गोल,
कुणी गरम वाटी टेकवून उचलावी तसा.
खाच घातली. चीक आला, पण रेंगाळत.
करवंटी भरायची तेवढ्या वेळात
नुसता तळ ओला.

जानेवारीत पालेमबांगहून साहेब आला, फखरुरोझी नावाचा,
खिशात भिंग, काखेत छत्री.
म्हणाला, बुरशी आहे.
कुठून आली? वाऱ्यावरून.
आणि सगळ्याच झाडांना कशी?
तेव्हा त्याने छत्री मिटली, चिखलात रोवली:
"बिक हुजैमा, तुमची हजार झाडं कुठायत?
एकच झाड आहे. हजार वेळा लावलेलं."

खरं होतं. मीच भरले होते डोळे
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, उकिडवी बसून,
एकाच जातीच्या काड्यांवरून खुडलेले,
साल उचलून आत सरकवलेले, प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेले.
रोपवाटिकेतला म्हणाला होता, हा डोळा दुधाळ.
होताच. त्याने छपराला पत्रा दिला,
मोठीला नर्सिंगला घातलं.
आता बुरशीला एका कुलपाची किल्ली सापडली
आणि सगळ्या दारांना तेच कुलूप.

साहेबाने मला रोजावर लावलं:
बांबूच्या पट्ट्यांची मीटरभर चौकट,
तिच्यात पडलेली पानं मोजायची, वहीत लिहायची.
सत्तेचाळीस. त्रेसष्ट. एकशे अकरा.
एका पावसाळी रात्रीनंतर मोजलीच नाहीत,
लिहिलं: खूप.

दुपारचं ऊन थेट जमिनीवर यायला लागलं.
मार्चमध्ये धुराचं यंत्र आणलं, डिझेलात औषध,
वारा पडलेला असताना, अंधारात.
पांढरा धूर शेंड्यापर्यंत गेला,
माझ्या भाताला आठवडाभर त्याचा वास.
पानं थोडी कमी गळली. थोडी.
मग डिझेलचे पैसे संपले.

पलीकडच्या झैनुबीने बाग लाकूडवाल्याला दिली.
करवत तीन दिवस चालली.
आता तिथे पाम तेलाची रोपं, काळ्या पिशव्यांत,
ओळीत.
"तू कशाची वाट बघतेयस?" तिने कुंपणावरून विचारलं.
मला सांगता आलं नाही. मी पानं मोजत होते.

ओढ्याकडच्या टोकाला चौकट टाकली
तर आत दोनच पानं. वर बघितलं.
भरगच्च.
आठवलं मग. इथला डोळा धरला नव्हता, सुकला होता.
खालच्या बियाण्याच्या बुंध्याला आपलाच कोंब फुटला
आणि तो छाटायचा राहिला;
त्या वर्षी मी बाळंतीण होते.
वीस वर्षं खाच घालते त्याला, शिव्या देत:
अर्धी करवंटी देत नाही मेलं.

साहेबाने काठीने त्याच्या डहाळ्या ओढल्या,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेल्या.
"बुरशी अजून पोचली नसेल इथे, असंही असेल," म्हणाला.
कळवतो म्हणाला.
दुसरा डिसेंबर आला, कळवलेलं नाही.

नऊच्या सुमारास चीक गोळा झाला
की मी त्याच झाडाखाली डबा सोडते,
भात, सांबल, सुकी मासळी.
त्याला खाच घालणं बंद केलंय.
सावली आहे, चटईपुरती.
झैनुबीही हल्ली जेवायला इकडेच येते.