नाकाची नोकरी

बर्टनच्या बिअर-कारखान्यात हर्बर्ट ऑल्डरशॉ
एकतीस वर्षं वास घेण्याचा पगार घेत होता.
गुत्त्यांतून परतलेली रिकामी पिंपं
अंगणात आडवी पडलेली.
तो वाकायचा, भोकाला नाक लावायचा,
डोळे मिटायचा.
चांगलं असेल तर काहीच बोलायचा नाही.
नसेल तर खडूची फुली
आणि एक शब्द:
फस्टी.

कुबट म्हणावं तर जवळ जातं, पोचत नाही.
कोंदट खिडकी उघडली की संपतं.
हा वास लाकडात मुरलेला,
गरम पाण्यालाही न बधणारा.

मुलगी विनिफ्रेड ऑक्सफर्डला
शब्दकोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या लावायची.
एका जानेवारीत वडिलांचा शब्द
तिच्या टेबलावर आला, आणि तिनं त्याचं कूळ काढलं.

लॅटिनमध्ये तो नुसता सोटा होता,
पाठीत घालायचा.
फ्रान्समध्ये खोड झाला,
खोडाचं पिंप झाला.
वाइन आली, वाइन गेली, पिंप राहिलं,
आणि जे मागं राहिलं
त्याला वास येऊ लागला.
तो वासच तेवढा खाडी ओलांडून इकडे उतरला:
पिठाला लागला, पावाला, बंद कपाटांना,
मग माणसांना,
गळ्यापर्यंत बटणं लावून
जुन्या मतांवर बसून राहिलेल्या.

तिनं घरी कळवलं: बाबा, तुमचा शब्द मुळात काठी आहे.
उलट टपाली कार्ड आलं:
पिंपाचं काही असेल तर विचार.
इथं थंडी फार. कोबी गेला.

परवाच्या तापात हर्बर्टचं नाक गेलं.
चहा आणि पॅराफिन आता त्याला एकच.
सकाळी नर्स आली, मिसेस टर्विल,
पडदे फर्रकन सारून म्हणाली,
“खोली किती फस्टी झालीय हो!”

तो दिवसभर गप्प.
काठी पलंगाला टेकलेली.
संध्याकाळी विनिफ्रेड आली, अंगावर ओला कोट,
तर म्हणाला,
“तू बघ. त्या बाईला काय कळतंय?”

ती वाकली.
त्याच्या कॉलरीपाशी नाक नेलं:
लोकर, कापूर, न धुतलेले केस,
आणि खाली कुठंतरी, अजून,
ओलं ओक.
डोळे मिटले तिनं.

काहीच बोलली नाही.

हर्बर्टनं मान हलवली,
जसा तो पुढच्या पिंपाकडे वळताना हलवायचा.