दोन आणे, पाणी

शाहीन बिन हिलाल यांची कीर्द अठरा वर्षं मी लिहिली.
मी, विसू खातू, हर्णैचा.
उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्यांच्या गावात
डावीकडून उजवीकडे.
रुपये, आणे, पै मात्र तिकडेही आपलेच.

तेव्हा ते मोत्यांचे व्यापारी.
मांडीवर लाल कापड, त्यावर मूठभर दाणे,
शेजारी पितळी चाळण्या, एकीत एक.
शेवटच्या चाळणीतून जे गळे
ते मुंबईच्या वैद्यांच्या खलात जाई.

एखादा दाणा ते खिडकीशी नेत,
अस्रची नमाज झाल्यावर, ऊन जरा नरमल्यावर.
तुमच्यात या झळाळीला काय म्हणतात, कातिब?
पाणी, मी म्हणे. मोत्याला पाणी असतं, शेठ.
ते हसत. हिद्दमध्ये माणसाला नाही
आणि मोत्याला आहे?

खरंच नव्हतं.
समुद्रात घुसलेली वाळूची जीभ, तिन्ही बाजूंनी खारट.
गोडं पाणी होतं ते समुद्राच्याच तळाशी, झऱ्यात.
ओहोटीला सरूर पखाल घेऊन बुडी मारी,
झऱ्याच्या तोंडाला पखालीचं तोंड लावी,
आणि खाऱ्यातून गोडं घेऊन वर येई.
पखालीला दोन आणे.

सरूरचा बाप शेठच्या गलबतावर पाणबुड्या.
उचल एकशे चाळीस रुपये.
बाप बुडाला, उचल तरंगत राहिली.
मीच ती मुलाच्या पानावर ओढली.
माझं अक्षर चांगलं आहे.
त्या पानावर जरा जास्तच चांगलं आलंय.

मग जपान्यांनी शिंपलीला फसवायची युक्ती काढली,
आणि मोत्याचं पाणी उतरलं.
गलबतं वाळूवर उपडी, चाळण्या माळ्यावर.
त्याच हिवाळ्यात गावाला बलदिया आली, म्हणजे नगरपालिका,
आणि गावानं त्यांना अध्यक्ष केलं.
वजनं ओळखतात, म्हणाले. शिवाय आता मोकळेच आहेत.
आमच्यात म्हणतात, नाकापेक्षा मोती जड.
मी नाही बोललो.

दोन खुर्च्या, एक शिक्का, अकरा कंदील,
आणि कंदील आपल्या दारात का नाही म्हणून
रोज भांडायला येणारी साठ घरं.
मासळीबाजारात मापं तपासली.
पहिलं खोटं माप निघालं सख्ख्या मेहुण्याचं.
दंड पंधरा रुपये. पावती मी फाडली.
मेहुणा सहा महिने त्यांच्या घरी जेवला नाही,
बहीण वर्षभर.

चौथ्या वर्षी विंधणविहिरीला पाणी लागलं.
चौकात नळ बसला.
पहिला पेला त्यांच्या हातात दिला तर प्यायलेच नाहीत.
उजेडाकडे धरून फिरवत राहिले, अंगठा आणि दोन बोटांत.
लोक ताटकळले.
मग माझ्याकडे बघून, माझ्याच भाषेत म्हणाले,
पाणी.

टाळ्यांच्या मागे सरूर उभा होता,
खांद्यावर चपटी पखाल.
त्याला कुणी काही विचारलं नाही.

रात्री शेठनी जुनी खतावणी मागवली.
वाटलं, पान फाडतील.
फाडलं असतं तर सांगायला गोष्ट बरी झाली असती.
म्हणाले, उद्यापासून आमच्या घरी रोज एक पखाल. झऱ्याचीच.
एक आणा त्याच्या हातात,
एक आणा त्याच्या पानावर जमा.
नळाला लोखंडाची चव येते, असं मलाच सांगितलं.
बाहेर सांगू नकोस, म्हणाले,
अध्यक्षाला लोखंड आवडलं पाहिजे.

सहा वर्षं होत आली.
ते गेले तेव्हा सरूरच्या पानावर
नऊ रुपये सहा आणे बाकी होते.
मुलगे नळाखाली बादल्या लावत होते,
तेवढ्यात सरूर आला, नखशिखांत ओला.
पखाल सोडली, आंघोळीला पुरेल इतकी,
आणि पैशासाठी न थांबता गेला.

कीर्द उघडून मी उजाडेपर्यंत बसलो.
त्या दिवसाचे दोन आणे
कुठल्या बाजूला लिहायचे, मला सुचेना.
ती ओळ अजून कोरी आहे.