माया

दर दुसऱ्या बुधवारी दुकान उशिरा उघडतो.
शमसा दंडाला पट्टा बांधते,
निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरून घेते.
रेघेला कमी पडलं तर पुन्हा टोचणार.
"कापड कमी आलं तर तू शिवतोस का, मास्टर?"
हिंदी ती टीव्हीवरच्या मालिकांतून शिकलीय.

पहिल्यांदा आकडा आला एक पूर्णांक चार
आणि मी खूश.
कमी म्हणजे बरं, साखरेसारखं, उधारीसारखं.
तिनं कागद उलटा केला:
एक म्हणजे गोळी न घेणाऱ्याचं रक्त.
तुझी झडप धातूची. तुला अडीच ते साडेतीन.
अलीकडे गुठळी, पलीकडे रक्तस्राव, कधी आतल्या आत.
आणि रक्त पातळबितळ होत नाही,
ते गोठायला वेळ लावतं, इतकंच.

आम्ही याला माया म्हणतो, मी म्हटलं.
शिवणीच्या आत दडवलेलं बोटभर कापड.
नाही ठेवलं तर उसवतं,
जास्त ठेवलं तर काखेत बोचतं.
शब्दाचा दुसरा अर्थ सांगायला मात्र
माझी हिंदी पुरली नाही.

वैजू फोनवर हॅलोच्या आधी विचारते, "किती?"
आणि पेणच्या घरात, दुधाच्या खाड्यांशेजारी,
कॅलेंडरवर लिहून ठेवते.
जर्जीरची जुडी रोज खाल्ली त्या महिन्यात एक-नऊ.
("हिरवं सोडू नकोस," शमसा म्हणाली,
"पण रोज सारखंच खा.")
मग खोकला झाला. खोलीतल्या बाबुराजनं
त्याच्याकडची उरलेली कॅप्सुलं दिली,
आणि आकडा आला पाच-सहा.
दोन दिवस गोळी बंद, शुक्रवारी पुन्हा सुई.
वैजूला सांगितलं, दोन-आठ.
ती थोडा वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "दाढी करू नकोस दोन दिवस."

ते दोन-आठ अजून तिच्या भिंतीवर आहे.
खोडलं नाहीये. शेजारी काही लिहिलंही नाही.

सूरच्या बंदरावर दुपारची भरती चढतेय.
काज करताना आत्ताच बोटात सुई गेली,
पांढऱ्या दिशदाशावर एक ठिपका.
तो आपल्याच थुंकीनं जातो, बापानं शिकवलेलं.
कापूस दाबून बसलोय,
भिंतीवरचा सेकंदकाटा बघत.
थेंबाचं अजून ठरत नाहीये.