विशेषणाची जागा

रुवीत, क्लॉक टॉवरच्या मागच्या गल्लीत
माझं टायपिंगचं टेबल होतं.
एक पान पाचशे बैसा.
करार, रजा, तक्रारी, हरवलेले पासपोर्ट.
विशेषणांचे वेगळे पैसे घेत नसे.

गुहागरच्या शाळेत आडिवरेकर गुरुजी सांगायचे,
विशेषण नामाच्या पुढे चालतं,
वरातीतल्या बत्तीवाल्यासारखं;
नवरा कसा दिसतो ते त्याच्या हातात.
इथे आल्यावर कळलं, अरबीत ते मागून येतं.
आधी माणूस. मग कसला.
मला ते बरं वाटलं होतं, सुरुवातीला.

मराठी मशीनवर नव्हतं, हाताने लिहायचं.
धाकू ठोंबरे शुक्रवारी यायचा, कोरा चहा घेऊन,
दोन ग्लास, एक माझा.
"लिवा, खोली बरी हाय."
खोलीत अकरा जण. मी लिहिलं, बरी.
"लिवा, ऊन जरासा कडक हाय."

कडक:
चहाला लावतात, इस्त्रीला लावतात,
गुरुजींनाही लावायचो आम्ही.
त्यात कुणी होरपळत नाही.
एकदा मी माझ्या मनाने 'भाजणारं' लिहिलं.
त्याने वाचून घेतलं, गप्प राहिला,
म्हणाला, "ता खोडा. तिला झोप यायची नाय."
ज्याला सही धड येत नव्हती
तो शब्द तोलायचा सोनारासारखा,
आणि 'जरासा' हे वजन
नेहमी स्वतःच्या बाजूच्या पारड्यात टाकायचा.

जुलैत, घुब्र्याच्या एका इमारतीवर,
परातीवर बसल्याबसल्या कलंडला.
पाचवा मजला. पडलासुद्धा नाही.
सोबतचे म्हणाले, सकाळपासून पाणी नव्हतं.
मंदूब कागद घेऊन आला: वफात तबीइय्या.
नाम आधी, विशेषण मागून, लिंग जुळवून,
व्याकरणात एक चूक नाही.

"बायकोला मराठीत कळव," म्हणाला,
आणि टेबलावर चक्क दोन रियाल ठेवले.

अरबीत वफात बाई असते.
आपल्याकडे मृत्यू पुरुष, मरण धड कोणीच नाही.
पण 'नैसर्गिक' हे अविकारी:
नैसर्गिक मृत्यू, नैसर्गिक मरण, नैसर्गिक झरा, नैसर्गिक शेती,
कशाहीपुढे उभं करा, त्याचा काना हलत नाही.
गुरुजी, तुम्ही हे तक्त्यात दाखवलं होतं.
हे नव्हतं सांगितलं.

'आकस्मिक' लिहून पाहिलं. त्यात कुणाचाच हात दिसेना.
'उष्णतेने' लिहिलं तर मंदूबचा मराठी येणारा ड्रायव्हर
खाली जीपमध्ये बसलेला होता.
शेवटी लिहिलं: आपले पती श्री. धाकू ठोंबरे यांचा
आणि दीड बोट जागा सोडली
आणि लिहिलं: मृत्यू झाला.

ड्रायव्हरने वाचलं. "इथे काय राहिलं?"
म्हटलं, शाई अडकली.

मग सामानाची यादी. तिथे मला कुणी अडवलं नाही.
कंपनीने लिहिलं होतं: कपडे, जुने, सात.
मी एकेक उलगडून लिहिलं:
लुंगी, चौकड्याची, विरलेली.
बनियन, सिमेंटने ताठ झालेले, तीन.
स्वेटर, मुलाचा, या उन्हात घेतलेला.
साडी, कोरी, घडी न मोडलेली.

सव्वा महिन्याने वत्सला ठोंबरेचं पत्र आलं,
कुणा शाळकरी पोराच्या अक्षरात, एकाच ओळीचं.
माझं पत्र सोबत परत पाठवलेलं.
त्या दीड बोट जागेभोवती
पेन्सिलीने चौकोन काढला होता,
आणि खाली:
कसला ते लिवा.

मी टेबल लवकर बंद केलं त्या दिवशी.
ग्लास घेतला. एकच.
मग झरणी झटकली,
आणि चौकोन लहान पडेल म्हणून
नवा कागद घेतला.