गोंदियात वीज गेली तेव्हा

सेहेचाळीस पॉइंट आठ, हे आमच्या बँडचं नाव.
ठेवलं त्या दिवशी नागपूरचा पारा तेवढा होता.
दुसऱ्या दिवशी आणखी चढला, तर ऑस्टिन म्हणाला,
आता रोज नवीन पोस्टर छापायचे का बे?

टिमकीतल्या घरातून मी बेसगिटार न्यायचो
आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळून.
शेजारच्या काकूंना वाटायचं, पोरगं कुणाचं तरी मढं नेतंय.
मागच्या खोलीत बापाचा माग,
खटक-खट, खटक-खट,
एक हात चुकला की अख्खी किनार वाकडी.
बाप म्हणायचा, तुझं वाजवणं तर ऐकूच येत नाही.
मी म्हणायचो, बंद झाल्यावर येते.

मॅटाडोर गफ्फारभाईची.
आठवडाभर कोंबड्यांच्या खाद्याची पोती, शनिवारी आम्ही.
वणी, पुलगाव, बल्लारपूर,
छिंदवाड्याचं एक लग्न,
जिथं नवरीच्या मामानं माईक ओढून सांगितलं,
पोरांना जेवायला वाढा, म्हणजे थांबतील.

प्रज्वल गायचा. इंदोऱ्याचा.
शब्द रात्री वर्धा रोडवर जुळवलेले,
निम्मे अर्थाचे, निम्मे नुसते ओरडायला बरे.
गफ्फारभाई आरशातून विचारायचा,
"भाऊ, ये सब एकही गाना है क्या?"
प्रज्वल चिडायचा. मला अजून वाटतं,
त्याच्याइतकं नीट आम्हाला कुणी ऐकलंच नाही.

मग गोंदिया. राइस मिलच्या मागचं मैदान,
हवेत कोंडा, दातात कोंडा,
दीडेकशे माणसं, बरीचशी ऑर्केस्ट्रा समजून आलेली.
तिसऱ्या गाण्यात वीज गेली.
लीड गिटार गेली, माईक गेला,
प्रज्वल थोडा वेळ तोंड हलवत राहिला, मग तोही थांबला.
ऑस्टिनचे ड्रम तेवढे उरले,
त्यांना वीज मंडळाशी काय घेणं.
आणि मी.

माझ्या हातात चार तारा नि एक फळी.
पण बोटं थांबली नाहीत,
काऊन ते मला माहीत नाही.
कुणीतरी मोटरसायकलचा दिवा लावला.
त्या उजेडात ऑस्टिन माझ्या बोटांकडे पाहत होता,
जिथं माझा सूर पडायचा, तिथं त्याचा पाय पडायचा.
वीस मिनिटं.
लोकांनी ड्रम ऐकले, टाळ्या ड्रमला दिल्या.
सगळ्यात चांगला वाजलो मी त्या रात्री
नि ते एका माणसाला ठाऊक आहे.

घरी सांगितलं नाही.
बाप हसला असता. किंवा नसता.

माग भंगारात गेला, मॅटाडोरही.
प्रज्वलचा आवाज बसला म्हणतात, बंगलोरला असतो.
मी वीज बिलाच्या खिडकीमागे बसतो.
हो, त्याच खात्यात. हसा.

मार्चमध्ये ऑस्टिन आला, मानेवाड्याच्या घराचं बिल घेऊन.
भुवयासुद्धा पांढऱ्या.
थकबाकी, गुडघे, पोरीची नोकरी, एवढंच बोललो,
मागे रांग ओरडून राह्यली होती.
मी त्याच्या नोटा मोजायला घेतल्या
आणि काउंटरचा पत्रा हलू लागला, हळूच, खालून.
त्याचा पाय मला दिसत नव्हता.
एक नोट मी मुद्दाम उशिरा टाकली.
पत्रा थांबला. थांबून राहिला.
नोट पडली, तेव्हाच वाजला.

पावती खिशात घालत म्हणाला,
वरची चिल्लर दे ना बे.