तिसरी नळी

रेक्समच्या इस्पितळात नेरिसच्या आईनं
पिशवीतून वही काढली:
आठ वर्षांच्या ओल्या चड्ड्यांचा हिशेब,
निळ्या शाईत, मध्येच फुटलेला.

"लक्ष दिलं की जमतं तिला," ती म्हणाली.
शाळाही हेच म्हणायची.

पडद्यावर मी मोजलं. एक, दोन,
आणि डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यातून
दोऱ्याएवढी आणखी एक,
मूत्राशयाला वळसा घालून
दाराबाहेरच उघडणारी.
पाचव्या आठवड्यात, पोटात असतानाच,
फुटलेली जास्तीची फांदी.

सर्जनसाठी लिहिलं: बाजू, उगम, शेवट.
'हट्टी' हा शब्द कुठंच बसेना.

"म्हणजे माझ्याकडे एक जास्त आहे?"
नेरिसनं विचारलं, जवळजवळ ऐटीत.

आईनं पेनाचं टोपण काढलं,
आजची तारीख घातली,
आणि पुढं
बराच वेळ काही लिहिलंच नाही.