ओडी

तिथे दाराला कडी नसते, बरेचदा दारही नसतं.
अंगणाच्या कडेला थांबायचं आणि म्हणायचं, "ओडी."
आतून "ओडिनी" आलं, की मगच पाऊल टाकायचं.
पाळक कामोवांनी हे मला जीपमध्येच शिकवलं.
मी वहीत लिहून घेतलं, चष्म्यांच्या यादीखाली:
अधिक एक, अधिक दीड, अधिक अडीच,
एकूण तीनशे बारा नग.

आमच्या मंडळीने वर्गणी काढून पाठवलं होतं मला.
निरोपाच्या उपासनेत सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवले.
द्यायला निघालेल्या माणसाच्या खांद्यांत एक ताठा असतो,
विमानतळावरच्या काट्यावर तो भरत नाही.

न्चिसीच्या डोंगराखाली फेब्रुवारीत
मका उभा असतो, पण दाण्यात नुसतं दूध,
आणि गेल्या सालच्या कणगीचा तळ लागलेला.
हे मला नंतर कळलं.
त्या संध्याकाळी एवढंच दिसलं,
की एनेलेसी आजी गुडघ्यांवर बसून
माझ्या हातांवर कोमट पाणी ओततेय
इतकं सावकाश, जणू बोटं मोजून घेतेय.

न्सिमाचे पांढरे गोळे, भोपळ्याच्या पाल्याची भाजी,
एका वाडग्यात कोंबडी.
पेटा माझ्या ताटात.
"नको, मुलांना द्या," मी म्हणालो, अगदी नम्रपणे.
घर गप्प झालं.
कामोवांनी कोपराने ढोसलं:
"पाहुण्याचा असतो तो. तू टाकलास,
तर आज या घरी पाहुणा आलाच नाही."
खाल्ला. चिवट होता.
बाहेर एकही कोंबडी कुरकुरत नाही
हे चावता चावता लक्षात आलं.

रात्री उठलो, तर स्वयंपाकाच्या झोपडीत
राखेच्या कडेला एकाच चटईवर
आजी आणि दोन नातवंडं.
घरात पलंग एकच.
त्यावर मी, माझी मच्छरदाणी,
आणि घोकून आणलेली साक्ष,
चार मिनिटांची.

सकाळी अधिक अडीच तिच्या नाकावर बसवला.
तिने सुपातला मका डोळ्यांपाशी नेला
आणि दात नसलेलं तोंड उघडून हसत सुटली:
"बाई गं, इतके किडे खात होते मी!"
मग हनुवटीला धरून माझा चेहरा जवळ ओढला.
बराच वेळ वाचला.
"तुझ्यासाठी कोण प्रार्थना करतं?"
मी मंडळीचं नाव सांगितलं.
"ते तुझ्या कामासाठी. तुझ्यासाठी?"
कामोवांनी भाषांतर केलं
आणि जीपच्या चाकाकडे बघू लागले.

काय सांगणार,
की एस्तेरला माती देऊन आलो त्या दिवसापासून
मी चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करतो,
आणि एकटा असलो की ओठ उघडत नाहीत.
तिने पुढे विचारलं नाही.
पिठाचे हात लुगड्याला पुसले, माझ्या डोक्यावर ठेवले.
शब्द कळले नाहीत. माझं नाव तेवढं कळलं,
तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वेगळं:
लातनाकाला, लातिनाकाला, लाकानाताला.
तिन्ही हाकांना मीच होतो.

निघताना उशीखाली क्वाचाच्या नोटा ठेवल्या.
वळणावर जीपमागे थोरला नातू धावत आला,
एका हातात नोटा, "तुमचं राहिलं हे,"
दुसऱ्यात केळीच्या पानात उकडलेल्या शेंगा.
मी काही बोलण्याआधी कामोवा म्हणाले,
"आमच्यात पाहुण्याला दंव म्हणतात.
ऊन चढलं की गेला.
दंवाकडून कोण भाडं घेतं?"
शेंगा अजून गरम होत्या.

त्या रात्री लिलोंग्वेच्या खोलीत दिवा मालवला.
पिशवी तीनशे बारा चष्म्यांनी हलकी,
तरी उचलताना हात भरून येत होता.
साक्ष आठवली नाही. आमेनची घाईही नव्हती.
अंधाराच्या कडेला, बाहेरच, उभा राहिलो,
आणि दीड वर्षाने
हळूच म्हणालो, "ओडी."